ओसरीवरून माजघरात : फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे स्मरण

२५ जुलै २०२४ रोजी गुरुवार होता. ख्रिस्तसभा त्या दिवशी प्रेषित संत याकोब यांचा सण पाळते. त्या दिवशीच्या मिस्सामध्ये शुभवर्तमानाचा जो उतारा वाचला जातो तो आसनांविषयीचा आहे. जब्दीच्या मुलांची आई प्रभूसमोर येते आणि आपल्या दोन्ही मुलांसाठी त्याच्या उजवी-डावीकडच्या जागा मागते. प्रभू तिला मोठेपणाचा निराळाच अर्थ सांगतो. त्याच दिवशी वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो ख्रिस्तवासी झाले. त्यांचे वय ८१ वर्षांचे होते. आषाढी एकादशी होऊन आठवडा उलटला होता, वारकरी आपापल्या गावी परतले होते, आणि कोकणपट्टीत पावसाने धुमाकूळ घातला होता. नंदाखाल या त्यांच्या जन्मगावाने त्यांना निरोप दिला.

परभणी ते वसई हे अंतर पाचशे किलोमीटरांहून अधिक. आमचा जिल्हा औरंगाबाद धर्मप्रांतात येतो. तो १९७७ साली अमरावतीपासून वेगळा झाला; वसई १९९८ पर्यंत मुंबईचा भाग होती. फादर दिब्रिटो आमचे धर्मग्रामगुरू कधीच नव्हते. आमच्या मुलांना त्यांनी बाप्तिस्मा दिला नाही, आमची लग्ने लावली नाहीत, आमच्या थोरल्यांना मूठमाती दिली नाही. त्यांचा आणि आमचा परिचय प्रामुख्याने छापील अक्षरांतून झाला. असे असूनही त्या संध्याकाळी परभणीतल्या मोजक्या कॅथलिक घरांत जी शांतता पसरली ती घरातला कर्ता माणूस गेल्यावर पसरते तशी होती. ज्याला आपण पत्र लिहिले नाही, ज्याच्याशी चार वाक्यांपलीकडे बोललो नाही, तो माणूस आपला मित्र आणि मार्गदर्शक होता असे आम्ही का म्हणतो, हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

मराठवाड्यातल्या ख्रिस्ती माणसाला एक प्रश्न आयुष्यभर ऐकावा लागतो : तुम्ही मूळचे कुठले? विचारणारा बहुधा वाईट नसतो. शेजारी असतो, कचेरीतला सहकारी असतो, मुलाच्या शाळेतले गुरुजी असतात. रजिस्टरवर मारिया किंवा पीटर असे नाव दिसते, म्हणून विचारतो. आपण उत्तर देतो, इथलेच. आजोबा जिंतूरकडचे, आजी मानवतची. तो मान डोलावतो. पण त्याचे पुरते समाधान झालेले नाही हे त्याच्या चेहऱ्यावर दिसते. आपल्या गावाकडे ओळखीच्या माणसाला ओसरीवर बसवतात, पाणी देतात, चहा देतात, चौकशी करतात. माजघरात मात्र घरचाच माणूस जातो. मराठी भाषेच्या घरात आमची अवस्था अशीच ओसरीवरच्या पाहुण्याची राहिली. मान मिळत होता, वावर नव्हता. आमच्यातल्या बहुतेकांच्या आज्या-पणज्यांना तर खऱ्याखुऱ्या ओसरीचीही पायरी चढू दिली गेली नव्हती, ही गोष्ट वेगळी आणि अधिक दुखरी. तिच्याकडे पुढे येऊ.

वास्तविक या घराच्या बांधकामात आमच्या लोकांचा हात फार जुना आहे. इंग्रज येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. त्यांनी ‘ख्रिस्तपुराण’ रचले ते ओवी छंदात, आणि १६१६ साली ते छापून निघाले. आमच्या पैठणचे संत एकनाथ १५९९ साली समाधिस्थ झाले, म्हणजे स्टीफन्स यांचे ते समकालीनच. गोदाकाठी नाथ भागवत सांगत होते आणि साष्टीत एक परदेशी धर्मगुरू त्याच छंदात प्रभू येशूचे चरित्र सांगत होता. पुढे १८५७ साली बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाले. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून त्याचा उल्लेख होतो. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून मूळ भाषा शिकून बायबलचे मराठी भाषांतर केले. रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाई यांच्याविषयी मराठी वाचकाला नव्याने काही सांगण्याची गरज नाही. ही मंडळी प्रॉटेस्टंट पंथाची होती हे खरे. पण बाहेरच्या वाचकाच्या लेखी आपण सारे एकच असतो, आणि अशा वेळी ते सोयीचेही असते. कॅथलिकांपुरते बोलायचे तर १९०३ साली जर्मन येशूसंघीय फादर हेन्री डोरिंग यांनी ‘निरोप्या’ मासिक सुरू केले आणि अहमदनगर भागातल्या खेड्यापाड्यांतल्या ख्रिस्ती घरांत मराठी वाचनाची सवय रुजवली.

एवढे असूनही न्यायमूर्ती रानडे यांच्या अध्यक्षतेखाली १८७८ साली भरलेल्या पहिल्या ग्रंथकार संमेलनापासून पुढची १४० वर्षे साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी एकही ख्रिस्ती माणूस बसला नाही. हे कोणी ठरवून केले असे आम्हांला वाटत नाही. दोष अंशतः आमचाही होता. आमची मासिके आमच्यातच फिरत. आमच्या मराठीला एक वेगळाच वास येई, भाषांतराचा आणि प्रवचनाचा. ‘हे प्रभो’ने सुरू होऊन ‘आमेन’ने संपणारा मजकूर शेजारच्या देशपांडे काकूंनी का वाचावा, हा प्रश्न आम्ही स्वतःला विचारला नव्हता. फादर दिब्रिटो यांनी तो विचारला.

४ डिसेंबर १९४२ रोजी नंदाखाल येथे त्यांचा जन्म झाला. गावातल्याच मराठी शाळेत ते शिकले. वसईच्या ख्रिस्ती लोकांच्या घरात सामवेदी, वाडवळी अशा बोली नांदतात. १७३९ साली चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकला आणि पोर्तुगीज गेले. त्यांनी दिलेला धर्म आणि आडनावे राहिली, तशीच लोकांची मायबोलीही राहिली. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने (१९६२-६५) उपासनेत लोकभाषेला दार उघडून दिले तेव्हा दिब्रिटो ऐन विशीत होते. १९७२ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. मराठीतून मिस्सा करणाऱ्या धर्मगुरूंच्या पहिल्या पिढीतले ते होते, आणि जी भाषा वेदीवर चालते ती चव्हाट्यावरही चालली पाहिजे, या जिद्दीने ते वागले असे त्यांच्या पुढच्या सर्व कामाकडे पाहून म्हणता येते.

‘सुवार्ता’ हे वसईच्या कॅथलिकांचे मासिक १९५५ पासून निघत होते. १९८३ साली संपादनाची सूत्रे फादरांकडे आली आणि २००७ पर्यंत ती त्यांच्याकडे राहिली. चोवीस वर्षे एका धर्मगुरूने एक मासिक चालवावे यात वरवर पाहता विशेष काही नाही. परंतु या काळात ‘सुवार्ता’ची चौकट बदलली. ख्रिस्ती नसलेले लेखक त्यात लिहू लागले, ख्रिस्ती नसलेले वाचक ते मागवू लागले. संतसाहित्य, पर्यावरण, समाजकारण, राजकारण असे विषय धर्मविषयक लेखांच्या शेजारी पंगतीला बसले. धर्मप्रांताचे वार्तापत्र आणि साहित्याचे मासिक यांत जो फरक असतो तो आम्ही ‘सुवार्ता’मुळे शिकलो. नियतकालिके चालवणाऱ्या आमच्यासारख्यांना त्याचे मोल अधिक कळते. वर्गणी थकते, अंक उशिरा निघतो, कोणाचे तरी भाषण छापले नाही म्हणून कोणीतरी रुसते. आणि धर्मावर टीका करणारे पत्र छापावे की टोपलीत टाकावे हा प्रश्न तर दर अंकाला असतो. असे पत्र छापण्याचे बळ ज्यांच्याकडे पाहून आम्हांला आले त्यांत फादर दिब्रिटो अग्रभागी होते.

त्यांच्या ग्रंथसंपदेचा सविस्तर परामर्श घेण्याचे हे स्थळ नव्हे. ‘ओॲसिसच्या शोधात’ हे प्रवासवर्णन, ‘तेजाची पाऊले’, ‘संघर्षयात्रा ख्रिस्तभूमीची’ हे इस्रायल-पॅलेस्टाईनवरचे पुस्तक आणि ‘नाही मी एकला’ हे आत्मकथन यांची नावे येथे पुरेत. आत्मकथनाचे नाव वाचताच आपल्या वाचकांना योहानकृत शुभवर्तमानातील वधस्तंभापूर्वीच्या रात्रीचे वचन आठवेल, आणि शेजाऱ्याला ते साध्या मराठी बोलण्यातले वाटेल. फादरांची भाषा अशीच दोन्ही दारांनी आत येणारी होती.

‘सुबोध बायबल’विषयी मात्र थोडे थांबले पाहिजे. बायबल मराठीत नव्हते असे नाही. विल्यम कॅरी यांनी श्रीरामपूरहून १८११ सालीच नवा करार मराठीत आणला होता. त्यानंतर आवृत्त्यांमागून आवृत्त्या झाल्या. पण त्या ग्रंथाची मराठी ही एक स्वतंत्र मराठी होऊन बसली होती. ‘परमेश्वर म्हणतो’, ‘मी तुम्हांस खचित सांगतो’ ही वाक्ये आमच्या कानांना गोड, कारण ती आजीच्या तोंडून ऐकलेली. बाहेरचा वाचक पहिल्या चार पानांतच गळून पडे. फादरांनी अनेक वर्षे खपून जे सिद्ध केले ते २०१० साली पुण्याच्या राजहंस प्रकाशनाने प्रसिद्ध केले, आणि पुढे साहित्य अकादमीच्या पुरस्काराने त्याचा गौरव झाला. पुरस्काराइतकीच आम्हांला प्रकाशकाची गोष्ट महत्त्वाची वाटते. हे बायबल मिशनच्या छापखान्यातून निघून चर्चच्या दाराशी टेबलावर विकले गेले नाही. ते परभणी-नांदेडच्या पुस्तकप्रदर्शनांत कथा-कादंबऱ्यांच्या रांगेत उभे राहू शकले. ज्याला हवे त्याने घ्यावे, चाळावे, किंमत पाहून परत ठेवावे. शेजाऱ्याच्या हाती बायबल देताना ‘हा मला बाटवायला आला’ अशी शंका त्याच्या मनात येईल की काय, या धास्तीत आमच्या दोन पिढ्या गेल्या. मराठीतल्या एका नामांकित प्रकाशन संस्थेचा शिक्का असलेला ग्रंथ देताना ती धास्ती पुष्कळ कमी होते, हा आमचा अनुभव आहे.

हा सारा भाग लेखणीचा झाला. पण फादर दिब्रिटो हे नाव महाराष्ट्राच्या कानावर प्रथम गेले ते पाण्याच्या आणि जमिनीच्या भांडणामुळे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस वसईच्या हरित पट्ट्यावर बांधकामाची दृष्टी वळली. वसई म्हणजे केळीच्या बागा, पानवेली, फुलांच्या वाड्या, आणि वाडीवाडीत गोड्या पाण्याची विहीर किंवा बावखल. नालासोपारा-विरारकडे इमारती उठू लागल्या. त्यांना पाणी हवे, म्हणून वाड्यांतल्या विहिरींचे पाणी टँकरांनी उपसले जाऊ लागले. समुद्र हाकेच्या अंतरावर असलेल्या प्रदेशात गोडे पाणी असे ओरबाडले की खारे पाणी आत सरकते आणि विहीर कायमची नासते. एकदा नासलेली विहीर पुढच्या पावसाने सुधारत नाही. हे शेतकऱ्याला कळत होते, पण बोलायला कोणी धजत नव्हते. बिल्डर, टँकरवाले आणि त्यांच्या पाठीशी असलेली दांडगाई यांची दहशत मोठी होती. फादरांनी सहकाऱ्यांसह ‘हरित वसई संरक्षण समिती’च्या झेंड्याखाली लोकांना एकत्र केले. सभा झाल्या, मोर्चे निघाले. मोर्च्यात ख्रिस्ती होते तसे हिंदूही होते, कारण विहिरीला धर्म नसतो.

धर्मगुरूने असल्या भानगडीत का पडावे, असा सूर तेव्हा आमच्याच लोकांत उमटला होता. त्याने मिस्सा करावी, आजाऱ्याला तैलाभ्यंग द्यावे, मुलांना धर्मशिक्षण द्यावे आणि बिल्डरकडून चर्चच्या छपरासाठी देणगी घ्यावी, अशी एक सोयीस्कर कल्पना आजही पुष्कळांच्या मनात आहे. परंतु पोप दुसरे जॉन पॉल यांनी १ जानेवारी १९९० च्या शांतिदिनाचा संदेश सृष्टीच्या रक्षणाला वाहिला, आणि पोप फ्रान्सिस यांचे ‘लाउदातो सी’ हे विश्वपत्र २०१५ साली आले. वसईचा लढा या दोन्हींच्या आधी उभा राहिला होता. ख्रिस्तसभेच्या अधिकृत शिकवणुकीला जे पुढे ठळक अक्षरांत लिहावे लागले ते नंदाखालच्या शेतकऱ्याच्या मुलाने विहिरीत डोकावून वाचले होते. लढा पूर्ण यशस्वी झाला असे म्हणता येणार नाही. आजची वसई पाहिली की किती गेले तेही दिसते. जे हिरवे राहिले आहे त्यात मात्र त्या दिवसांचा वाटा आहे. २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, ते दिवस ज्यांनी मराठवाड्यात काढले त्यांना हे भांडण कशासाठी होते ते निराळे समजावून सांगायला नको.

आता एक गोष्ट, जी स्मरणलेखांत सहसा लिहीत नाहीत. वसई आणि मराठवाडा यांत फरक आहे. वसईच्या ख्रिस्ती माणसाच्या मागे वाडी होती, विहीर होती, चारशे वर्षांची चर्चे होती आणि गावातले स्थान होते. आमच्याकडे मिशनचे काम उभे राहिले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, निजामी राजवटीत, आणि ज्यांनी ख्रिस्ताचा स्वीकार केला त्यांतले बहुसंख्य गावकुसाबाहेरचे होते. त्यांना जमीन नव्हती, अक्षर नव्हते, पाणवठा नव्हता. बाप्तिस्म्याने त्यांना शाळा मिळाली, आणि कालांतराने शिक्षिका, परिचारिका, रेल्वेतले नोकरदार झालेली मुले मिळाली. पण गावाने जात विसरली नाही; आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर चर्चमधल्या बाकांनीही ती नेहमी विसरली असे नाही. फादर दिब्रिटो यांच्या लेखनात संतांची समता आहे, ख्रिस्ताची करुणा आहे. मराठवाड्यातल्या ख्रिस्ती माणसाच्या पाठीवरचा हा दुहेरी वळ मात्र तिथे आम्हांला आम्ही शोधला तितका सापडला नाही. ही तक्रार म्हणून लिहीत नाही. ते वसईचे होते आणि वसईविषयी त्यांनी अधिकाराने लिहिले. आमच्याविषयी लिहिण्याचे काम आमचे आहे.

तरीही त्यांना सर्वांत मोठी परीक्षा द्यावी लागली ती मराठवाड्याच्याच मातीवर. येथे परभणीची आठवण काढल्यावाचून राहवत नाही. १४ जानेवारी १९९४ रोजी मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला. त्या प्रश्नावरून १९७८ साली आमच्या भागात वस्त्या जळाल्या होत्या. नामविस्ताराच्या पुढच्याच वर्षी, १९९५ मध्ये, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ६८ वे अधिवेशन परभणीत भरले आणि अध्यक्ष होते कवी नारायण सुर्वे. मुंबईच्या रस्त्यावर सापडलेले, गिरणी कामगाराने वाढवलेले, ज्याच्या जन्मदात्यांचा धर्म वा जात कोणालाच ठाऊक नाही असे ते मूल. त्याच्या आधी, १९९० साली, पुण्याच्या संमेलनात औरंगाबादचे डॉ. यू. म. पठाण अध्यक्ष झाले होते. मुसलमान घरातला हा माणूस संतसाहित्याचा थोर अभ्यासक. माजघराचे दार किलकिले होत चालले होते. परभणीच्या मंडपात बसून सुर्व्यांना ऐकणाऱ्या ख्रिस्ती श्रोत्यांना, आपल्यातलाही कोणी या खुर्चीवर दिसेल, असे तेव्हा वाटले असेल का? आम्हांला तरी वाटले नव्हते.

पंचवीस वर्षे गेली. संमेलनाध्यक्षाची निवडणूक रद्द होऊन महामंडळाने एकमताने नाव ठरवण्याची पद्धत आली. त्या पद्धतीने यवतमाळला डॉ. अरुणा ढेरे यांची निवड झाली. तिच्यानंतरची दुसरीच निवड २२ सप्टेंबर २०१९ रोजी उस्मानाबादला जाहीर झाली, ती फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची. आनंदाचे फोन खणखणले, आणि दोन दिवसांत दुसरे फोनही सुरू झाले. धर्मप्रसारकाला मराठी साहित्याचे अध्यक्षपद कसे, असा काही संघटनांचा आक्षेप होता. महामंडळाच्या पदाधिकाऱ्यांना धमकीवजा दूरध्वनी आले. उद्घाटक कविवर्य ना. धों. महानोर यांनीही या संमेलनाला जाऊ नये असे त्यांना सांगण्यात आले. महामंडळ हलले नाही, आणि महानोर गेले. मराठवाड्याच्या वेशीवरच्या पळसखेडचा हा शेतकरी कवी ऑगस्ट २०२३ मध्ये गेला. त्याचे ते ऋण आमच्या समाजाने विसरू नये.

उस्मानाबादच्या (आताच्या धाराशिवच्या) संमेलनस्थळाला संत गोरोबाकाकांचे नाव दिले होते. काकांचे तेर जवळच आहे. त्यांची एक कथा परभणीकरांना विशेष जिव्हाळ्याची. सर्व संत गोरोबांच्या घरी जमले असता मुक्ताबाईने मडकी थोपटण्याच्या थापटण्याकडे बोट दाखवून विचारले, काका, हे काय? काका म्हणाले, याने भाजलेले मडके कोणते आणि कच्चे कोणते ते कळते. मग त्यांनी ते एकेका संताच्या डोक्यावर मारून पाहिले. सारे गप्प राहिले. नरसीचे नामदेव तेवढे चिडले, आणि कच्चे ठरले. मग ते गुरूच्या शोधात औंढ्या नागनाथाला विसोबा खेचरांकडे गेले. नरसी आणि औंढा ही दोन्ही गावे १९९९ साली हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत आमच्याच जिल्ह्यात होती. सप्टेंबर २०१९ ते जानेवारी २०२० या चार महिन्यांत फादरांच्या डोक्यावर असेच थापटणे बसत राहिले. बाटवणारा, परका, पोपचा माणूस. ते चिडले नाहीत. आपण ख्रिस्ताचे अनुयायी आहोत आणि मराठी संतांचे ऋणी आहोत, या दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच स्वरात सांगितल्या. पहिली दडवली नाही, दुसरी वाढवून सांगितली नाही.

१० ते १२ जानेवारी २०२० या दिवसांत संमेलन झाले. पाठीच्या दुखण्याने ते इतके बेजार होते की त्यांना चाकाच्या खुर्चीचा आधार घ्यावा लागला. महानोरांचीही प्रकृती बरी नव्हती. दोन आजारी म्हाताऱ्यांना व्यासपीठावर एकत्र पाहून ज्यांनी त्यांना अडवू पाहिले त्यांना काय वाटले असेल, कोण जाणे. फादर भाषेविषयी बोलले, पर्यावरणाविषयी बोलले. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवर झालेल्या हल्ल्याला तेव्हा आठवडाही झाला नव्हता. त्याविषयी आणि देशात पसरणाऱ्या द्वेषाविषयीही बोलले. अध्यक्षपद मिळाले आहे तर आता सांभाळून बोलावे, यजमानांना अवघड वाटेल असे काही बोलू नये, हा पाहुण्याचा शिष्टाचार झाला. घरचा माणूस घरात काय बिघडले आहे ते बोलतो. ओसरी आणि माजघर यांतले अंतर आमच्यापुरते त्या दिवशी मिटले, ते खुर्ची मिळाल्यामुळे नव्हे, या बोलण्यामुळे.

पुढे दोनच महिन्यांत करोनाची साथ आली. ९४ वे संमेलन लांबत लांबत डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकला झाले, म्हणजे फादरांच्या अध्यक्षपदाची मुदत जवळजवळ दोन वर्षांची ठरली. त्यातला बहुतेक काळ साथीत आणि दुखण्यात गेला. एरवी गावोगाव हिंडणारा, भाषणे देणारा हा माणूस संमेलनाध्यक्ष म्हणून परभणीला आला असता, आणि आमच्या मुलांनी त्याला पाहिले असते. ते झाले नाही.

मुलांचा उल्लेख आला म्हणून लिहितो. साहित्य संमेलनाच्या सर्वोच्च पदी बसलेला आमचा पहिला माणूस गावच्या मराठी शाळेत शिकला होता. आमच्या समाजाच्या शाळांपैकी जिथे प्रवेशासाठी रांग लागते त्या इंग्रजी माध्यमाच्या आहेत, आणि त्या रांगेत आम्हीही उभे राहिलो आहोत. पोटाचा प्रश्न आहे, हे कोणी नाकारत नाही. पण रविवारच्या मिस्साला पहिले वाचन करण्यासाठी मुलांना पुढे बोलावले की हल्ली दोन-तीनच हात वर होतात. ‘करिंथकरांस’ हा शब्द आला की जीभ अडखळते. काही जण मराठी वाचन रोमन अक्षरांत उतरवून आणतात. चारशे वर्षांपूर्वी इंग्रज फादर स्टीफन्स यांच्या पुराणाची छपाई रोमन लिपीत झाली होती, कारण तेव्हा गोव्यात देवनागरीचे खिळे नव्हते. आता खिळे आहेत, संगणक आहेत, फादर दिब्रिटो यांनी सोपे करून दिलेले बायबल आहे, मुलांसाठी वेगळे लिहिलेले ‘मुलांचे बायबल’ही आहे.

फादरांच्या निधनानंतर आम्ही काही कुटुंबांनी ठरवले की महिन्यातून एका शनिवारी एका घरी जमावे आणि ‘सुबोध बायबल’मधले एक प्रकरण मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावे. मत्तयापासून सुरुवात केली. पहिल्याच पानावर वंशावळ आहे. अब्राहामापासून योसेफापर्यंत नावेच नावे. एक बारा वर्षांची मुलगी ती वाचू लागली. सहाव्या-सातव्या नावाशी ती अडकली. तिची आजी जिंतूर तालुक्यातल्या एका खेड्यात मिशनच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेली. तिने पुस्तकाकडे न पाहता पुढची सारी नावे म्हणून दाखवली. मग मुलीने ती पुन्हा पहिल्यापासून वाचली. त्या संध्याकाळी आम्ही पहिल्या प्रकरणापलीकडे गेलो नाही.